आधीच्या थेरपिस्टकडे जमलं नाही? नाशिकमध्ये नवीन शोधताना काय बघायचं

हे त्यांच्यासाठी लिहितेय जे एकदा नाही, दोनदा-तीनदा थेरपीला जाऊन आलेत, पैसे घातलेत, ऑफिसमधून लवकर निघून, घरी काहीतरी कारण सांगून गेलेत आणि शेवटी हात हलवत परत आलेत. मग मनात बसतं की आपलंच काहीतरी बिनसलंय, थेरपी आपल्याला लागूच पडत नाही, जाऊ दे. कृपा करून एवढ्यात जाऊ देऊ नका. मी माझ्या घरात आणि मैत्रिणींमध्ये हे जवळून बघितलंय आणि ज्यांनी पुढच्या वेळी नीट चौकशी करून माणूस निवडला त्यांना खरंच फरक पडलेला बघितलाय. माझं म्हणणं एकच आहे, नवीन थेरपिस्ट शोधायची सुरुवात गूगलवरून करू नका, आधीच्या ठिकाणी नेमकं काय खटकलं तिथून करा, ते एकदा स्वतःला धड सांगता आलं की पुढे काय विचारायचं ते आपोआप समोर येतं.

त्याआधी एक महत्त्वाचं. जीव द्यावासा वाटतोय, स्वतःला इजा करावीशी वाटतेय, अशी वेळ असेल तर हे सगळं शोधत बसू नका. १४४१६ लावा, ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. किंवा कोणालातरी सोबत घेऊन सरळ सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीला जा. थेरपिस्ट शोधणं हे पंधरा दिवस-महिनाभराचं काम आहे, ते नंतर होईल.

आता खटकलं काय त्याकडे येऊ. एक वही घ्या नाहीतर मोबाइलमध्ये नोट उघडा आणि लिहा. "चांगली नव्हती" असं लिहून काही उपयोग नाही, कुठल्या क्षणाला मन उठलं ते लिहा. बहुतेकांचं चार प्रकारांत येतं, आणि प्रत्येक प्रकाराचा उपाय वेगळा आहे म्हणून हे वेगळं करायला मी एवढं सांगतेय.

पहिला प्रकार, समोरच्याचं वागणंच चुकीचं होतं. तुम्ही सांगितलेलं आईला फोन करून सांगितलं, "लग्न करून टाक, सगळं ठीक होईल" असं म्हणाले, जातीवरून, कपड्यांवरून, देवाचं करता की नाही यावरून बोलले, सेशनमध्ये मोबाइल बघत बसले, विनाकारण अंगाला हात लावला. यात तुमची निवड, तुमचा स्वभाव, तुमची सहनशक्ती यांचा काही संबंध नाही, हे त्यांच्या व्यवसायाच्या नियमांतच बसत नाही. याच्यावर काय करता येतं ते पुढे सांगते.

दुसरा प्रकार, माणूस चांगला होता पण पद्धत चुकीची होती. हा सगळ्यात फसवा, कारण माणूस चांगला असल्यामुळे आपण महिनोन्महिने जात राहतो आणि फरक पडला नाही की दोष स्वतःला देतो. माझ्या मामेबहिणीचं सांगते. नाशिकरोडला राहते, तिला ओसीडी, गॅस बंद केलाय की नाही हे रात्री दहा-दहा वेळा उठून बघायची. तिच्या काउन्सेलर इतक्या मायाळू की त्यांनी तिला सांगून ठेवलेलं, भीती वाटली की गॅसच्या बटणाचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, मी बघून सांगते. ही रोज रात्री फोटो पाठवायची, त्या रोज रात्री लिहायच्या "बंद आहे बेटा, झोप आता", आणि हिला दहा मिनिटं बरं वाटायचं, मग परत उठून दुसरा फोटो. मी स्वतः ते चॅट बघितलंय, एकाखाली एक नुसते बटणाचे फोटो. ओसीडीमध्ये असा दिलासा देत राहिलं तर आजाराला खतपाणी मिळतं, त्यावर जी पद्धत उपयोगी पडते तिला एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन म्हणतात, म्हणजे भीती वाटू द्यायची आणि तरीही उठून बघायचं नाही, हळूहळू, थेरपिस्टच्या मदतीने. पुढे ज्यांच्याकडे गेली त्यांनी आधी घरच्यांना बसवून सांगितलं की तिने विचारलं तरी "बंद आहे" असं कोणी म्हणायचं नाही. मामीला ते जड गेलं, पण तिथून गाडी रुळावर आली.

म्हणून त्रास कुठला आणि पद्धत कुठली याची थोडी तोंडओळख असू द्या, डॉक्टर व्हायची गरज नाही. सीबीटी म्हणजे विचार, भावना, वागणं यांची सांगड बघून त्यावर काम, डिप्रेशन आणि अँग्झायटीसाठी सगळ्यात जास्त वापरली जाते, साधारण बारा ते वीस सेशनचा हिशोब धरतात आणि त्यात घरी करायचा अभ्यास असतो. आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी) ही तिचीच थोरली बहीण म्हणा, त्रास घटनेपेक्षा तिच्याबद्दलच्या आपल्या हट्टी विचारांमुळे जास्त होतो असं ती सांगते, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडली, आपल्याकडे महाराष्ट्रात ती बऱ्यापैकी रुजलीय. ठाण्याच्या आयपीएच संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांची व्याख्यानं ऐकली असतील तर हा विचार तुमच्या कानावरून गेलेला असेल. जुना धक्का असेल, अपघात, लहानपणचे अत्याचार, तर ट्रॉमावर शिक्षण घेतलेला माणूस लागतो, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींची मदत घेऊन जुन्या आठवणींवर काम करणारी पद्धत) वगैरे. भावनांचा एकदम भडका उडतो, स्वतःला इजा करण्याकडे हात जातो, तर डीबीटी, म्हणजे भावनांचा भडका सांभाळायला शिकवणारी थेरपी. नवरा-बायकोचं असेल तर कपल थेरपी वेगळी शिकावी लागते, एकट्याची थेरपी करणारे सगळेच ती करू शकतील असं नाही. आणि काहींना खरंच मोकळं बोलायला शांत जागा एवढंच हवं असतं, त्यांना गृहपाठ देणारा थेरपिस्ट मास्तर वाटतो. तेही बरोबरच आहे, फक्त आपल्याला काय हवंय ते माहीत पाहिजे.

तिसरा प्रकार, चुकीच्या पदवीच्या माणसाकडे गेलात. आपल्याकडे सगळ्यांनाच "काउन्सेलर" नाहीतर "मानसोपचारवाले डॉक्टर" म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर, ते गोळ्या लिहून देतात. काही जण थेरपीही करतात पण ओपीडीत गर्दी एवढी असते की बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटांच्या वर वेळ मिळत नाही. "डॉक्टरांनी माझं ऐकूनच घेतलं नाही, गोळ्या देऊन पाठवलं" ही तक्रार मी ज्यांच्याकडून ऐकली त्यातले बरेच जण थेरपीच्या अपेक्षेने सायकिअ‍ॅट्रिस्टकडे गेलेले होते. उलटही होतं, ज्याला चार महिने झोप नाही, जेवण नाही, अंथरुणातून उठवत नाही त्याला नुसत्या बोलण्यावर ठेवलं जातं. तिथे गोळ्या आणि थेरपी दोन्ही लागू शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे गोळ्या देत नाहीत पण आजार ओळखण्याचं, टेस्ट करण्याचं आणि थेरपीचं शिक्षण हॉस्पिटलमध्ये पेशंट बघत घेतलेलं असतं, आत्ता प्रॅक्टिस करणाऱ्यांमध्ये मुख्यतः दोन वर्षांचं एमफिल केलेले दिसतील, आणि त्यांची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते. नंबर विचारा आणि आरसीआयच्या वेबसाइटवर नाव टाकून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. डॉक्टरांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नंबर प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असतो.

आणि काउन्सेलर. इथे एमए सायकॉलॉजी करून वर्षानुवर्षं मनापासून काम केलेली, स्वतः सीनियरकडून मार्गदर्शन घेणारी उत्तम माणसं आहेत, आणि दोन दिवसांचं ऑनलाइन सर्टिफिकेट भिंतीवर लावून बसलेलीही आहेत, आणि बाहेरची पाटी दोघांची सारखीच दिसते. म्हणून पाटीवर जाऊ नका, शिक्षण कुठे झालं आणि किती वर्षं कोणत्या त्रासाचे लोक बघताय हे तोंडाने विचारा. "लाइफ कोच", "माइंड पॉवर", "सबकॉन्शस हीलिंग" असल्या पाट्यांपासून लांब राहा, निदान आजार असेल तेव्हा तरी.

याच ठिकाणी एक सांगून ठेवते, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ या टेस्ट गेल्या वर्षभरात केल्या नसतील तर फॅमिली डॉक्टरांना विचारून करून घ्या. थायरॉइड कमी असलं तर माणूस हुबेहूब डिप्रेशनसारखा दिसतो, मग थेरपिस्ट कितीही बदला.

चौथा प्रकार, माणूस, पद्धत, पदवी सगळं ठीक पण व्यवस्था जमली नाही. वेळ दर वेळी बदलायची, फी झेपेना, जागा लांब. किंवा जागेत खाजगीपणाच नाही. मी एका ठिकाणी मैत्रिणीसोबत गेलेले, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन आणि वर छतापर्यंत अर्धा फूट मोकळं, बाहेर बाकावर बसलेल्या आम्हा सगळ्यांना आतल्या बाईंचं सासूबद्दलचं प्रत्येक वाक्य ऐकू येत होतं. एक काका उठून खाली जाऊन उभे राहिले, त्यांना संकोच वाटला म्हणून. आपला नंबर आल्यावर मैत्रीण आत जाऊन फक्त झोपेबद्दल बोलली आणि बाहेर आली. घरी येऊन म्हणाली मला नाही वाटत थेरपीचा उपयोग होतो. अगं तू थेरपी घेतलीच कुठे!

तर हे लिहून झालं की मग शोधायला लागा. नाशिकमध्ये बरीचशी क्लिनिक्स कॉलेज रोड, गंगापूर रोड, शरणपूर रोड, कॅनडा कॉर्नर या पट्ट्यात दिसतील, इंदिरानगर आणि नाशिकरोडलाही आहेत. सिडको, सातपूर, अंबडला राहणाऱ्यांनी संध्याकाळी सहा-सातची अपॉइंटमेंट घेताना ट्रॅफिकचा विचार करा, त्यात आता कुंभाच्या कामांनी रस्ते उकरलेत. दर आठवड्याला द्वारका किंवा मुंबई नाका पार करून धावतपळत पोचायचं असेल तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यालाच कंटाळा येतो आणि आपण म्हणतो थेरपी सुटली. सिटीलिंक बसच्या रूटवर असलेलं, किंवा ऑफिसच्या जवळचं बघा, थोडं कमी नावाजलेलं असलं तरी चालेल.

पैशांची अडचण असेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये म्हणजे जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आडगावच्या डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेजलाही सायकिअ‍ॅट्रीची ओपीडी आहे. गर्दी असते, सकाळी लवकर जावं लागतं, निवांत पन्नास मिनिटांचं सेशन दर आठवड्याला मिळेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका, पण आजाराचं निदान नीट करून घ्यायला, गोळ्या सुरू करायला आणि पुढे कुठे जायचं हे विचारायला ती जागा चांगली आहे. सरकारी दवाखाना म्हणून नाक मुरडू नका. फोनवरून समुपदेशन हवं असेल तर मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची आयकॉल सेवा आहे, तिचा विचार करायला हरकत नाही.

ओळखीतून नाव काढणं हा आपला नेहमीचा मार्ग, पण नाशिक एवढंही मोठं नाही. ज्या मॅडमचं नाव तुमच्या जाऊबाईंनी सुचवलं त्या जाऊबाईंच्याही थेरपिस्ट असतील तर तुम्ही मोकळेपणाने जाऊबाईंबद्दल बोलणार कसं? चांगले थेरपिस्ट स्वतःच अशा वेळी दुसऱ्याचं नाव सुचवतात. ओळखीचे, नातेवाईक, शेजारी, मुलीच्या शाळेतल्या काउन्सेलर, यांच्याकडे स्वतःची थेरपी नको, कितीही चांगले असले तरी. विचारायचं असेल तर फॅमिली डॉक्टरांना विचारा, सायकिअ‍ॅट्रिस्टना विचारा की तुम्ही थेरपीसाठी कोणाकडे पाठवता, किंवा ज्या थेरपिस्टकडे जागा नाही त्यांनाच विचारा की तुमच्या घरचं माणूस असतं तर कोणाकडे पाठवलं असतं. या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण खरं उत्तर देतात. गूगलच्या रिव्ह्यूंवर फार जाऊ नका, ज्याला बरं वाटलं तो आपलं नाव टाकून जाहीर लिहायला कचरतो, त्यामुळे तिथे दिसतं ते अर्धंच असतं.

ऑनलाइन घ्यायची की समोर बसून? आधी नाशिकमध्येच कोणीतरी ओळखीचं भेटेल या भीतीने अडलं असेल तर ऑनलाइन उत्तम, पुणे-मुंबईचा माणूसही मिळतो. पण घरात वन बीएचके, बाहेर सासरे टीव्ही बघतायत, अशा घरात ऑनलाइन सेशन म्हणजे परत तेच प्लायवूडचं पार्टिशन. काही जण गाडीत बसून सेशन घेतात, गाडी उभी करून अर्थातच, ते चालतं. आणि मराठीत सेशन घेणार का हे आधी विचारा. मोठ्या अ‍ॅप्सवर इंग्रजी-हिंदीच जास्त आहे, आणि वडिलांबद्दल रडत रडत बोलायचं असतं तेव्हा वाक्य जुळवत बसायची वेळ येऊ नये. घरात अहिराणी बोलणारे असाल आणि खानदेशातला थेरपिस्ट मिळाला तर दुधात साखर.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, पहिला फोन. इथे बहुतेक जण फक्त फी आणि पत्ता विचारून ठेवून देतात. आधी एकदा पोळलेल्या माणसाने असं करू नये. रिसेप्शनला सांगा की मला मॅडमशी किंवा सरांशी पाच-दहा मिनिटं बोलायचंय, त्यांना वेळ असेल तेव्हा फोन करतील का. बोलायला अवघड जातं म्हणून मी मैत्रिणीला वाक्यं लिहूनच दिली होती, तुम्हीही ती वापरा:

"नमस्कार मॅडम, मी आधी थेरपी घेतलेली आहे पण तिथे जमलं नाही, म्हणून अपॉइंटमेंटच्या आधी थोडं विचारायचं होतं, आत्ता बोलू शकता का? मला साधारण अमुक त्रास आहे. असे लोक तुम्ही बघता का आणि कुठल्या पद्धतीने काम करता? आधीच्या ठिकाणी मला अमुक गोष्ट खटकली, तुमच्याकडे ते कसं असतं?"

बास, यातलं शेवटचं वाक्य सोडू नका. आधीच्या ठिकाणी गुप्तता मोडली असेल तर विचारा, "माझ्या घरच्यांनी तुम्हाला फोन केला तर तुम्ही काय सांगाल?" नुसतं ऐकून घेतलं आणि पुढे काहीच झालं नाही असं असेल तर विचारा, "फरक पडतोय की नाही हे आपण कधी आणि कसं बघणार?" उपदेश मिळाले असतील तर विचारा, "मला घटस्फोटाचा विचार आहे, तुमचं यावर काही मत असतं का?" आणि उत्तर कसं देतात ते ऐका. "असल्या प्रश्नांना वेळ नाही, यायचं तर या" म्हणाले तर तुमचे पैसे वाचले. "माझ्याकडे आलेले सगळे बरे होतात, तीन सेशनमध्ये फरक दिसेल" म्हणाले तर तिथेही जाऊ नका, प्रामाणिक माणूस अशी गॅरंटी देत नाही. "चांगलं झालं सांगितलंत, पहिल्या सेशनला त्यावरच बोलू, आणि माझ्याशी जमलं नाही तर तेही मोकळेपणाने सांगा, मी दुसरं नाव देईन" असं काही ऐकू आलं की अपॉइंटमेंट घ्या. "या त्रासाचा मला अनुभव कमी आहे" असं कोणी म्हणालं तर वाईट वाटून घेऊ नका, उलट त्यांनाच दुसरं नाव विचारा.

फीचंही त्याच फोनमध्ये बोलून घ्या. किती, किती मिनिटांची, ऐनवेळी रद्द केलं तर पैसे कापतात का, कमी उत्पन्न असेल तर सवलत आहे का. सवलत विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही, बरेच थेरपिस्ट काही जागा त्यासाठी ठेवतात. दहा सेशनचं पॅकेज आधी भरा, डिस्काउंट देतो, असं म्हणाले तर सुरुवातीला नको म्हणा. एक-एक सेशनचे पैसे भरायचे, म्हणजे सोडावंसं वाटलं तर पैसे अडकले म्हणून थांबायला नको.

समलिंगी, ट्रान्स किंवा त्याबद्दल मनात प्रश्न असलेल्यांनी फोनवरच सरळ विचारा. कोणी "बदलून देतो" म्हणालं तर ताबडतोब फोन ठेवा, कन्व्हर्जन थेरपी हा डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच तसं जाहीर केलंय. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हचा क्विअर अफर्मेटिव्ह काउन्सेलिंगचा, म्हणजे समलिंगी-ट्रान्स माणसाला आहे तसं स्वीकारून समुपदेशन करण्याचा कोर्स आहे, तो केलाय का हे विचारता येतं.

पहिल्या सेशनला सगळी कर्मकहाणी सांगायची गरज नाही. दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा जाणाऱ्याला सगळ्यात जास्त कंटाळा याचाच असतो, परत पहिल्यापासून सांगा, परत रडा. एका पानावर लिहून न्या: त्रास कधीपासून, आत्ता सगळ्यात जास्त काय अडतंय, कुठल्या गोळ्या घेतल्या किंवा घेताय, आधी कोणती थेरपी किती महिने झाली, तिथे काय उपयोगी पडलं आणि काय नाही. उपयोगी पडलेलंही लिहा बरं का, रागाच्या भरात ते राहून जातं. ज्याबद्दल आज बोलायचं नाही तेही सांगून टाका, "लहानपणच्या एका गोष्टीबद्दल मी आत्ता बोलणार नाही", यावर चांगला थेरपिस्ट ओढून काढत नाही, थांबतो.

त्या दिवशी बघायचं काय, तर गुप्ततेबद्दल त्यांनी आपणहून सांगितलं का. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गुप्ततेचा हक्क कलम २३ मध्ये दिलाय, आणि त्याला अपवादही आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर थेरपिस्ट तेवढी गरजेची माहिती सांगू शकतात, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर पॉक्सोखाली कळवणं बंधनकारक आहे. हे अपवाद जो पहिल्याच दिवशी समजावून सांगतो त्याच्यावर भरवसा ठेवायला जागा आहे, "इथलं काहीच कधीच बाहेर जात नाही" असं ठोकून देणाऱ्यापेक्षा नक्कीच जास्त. दुसरं, तुमचं वाक्य पूर्ण होऊ देतात का. तिसरं, आधीच्या थेरपिस्टबद्दल सांगितल्यावर नावं ठेवायला लागले का, किंवा उलट त्यांची बाजू घेऊन तुम्हालाच समजावू लागले का. दोन्ही नको, "तेव्हा तुम्हाला काय वाटलं" असं विचारणारा हवा.

पहिल्या सेशननंतर लगेच हलकं वाटलंच पाहिजे असं नाही, बऱ्याच जणांना त्या रात्री उलट थकवा येतो. त्यामुळे एकाच सेशनवर निकाल लावू नका, गैरवर्तन असेल तर गोष्ट वेगळी, मग अर्ध्यातूनही उठून या. नाहीतर तीन-चार सेशन द्या आणि मग बसून विचार करा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये थेरपिस्ट आणि आपल्यातल्या नात्याच्या तीन बाजू सांगितल्या होत्या, त्या मला या कामाला फार सोयीच्या वाटतात: आपण दोघं एकाच गोष्टीसाठी काम करतोय का, त्यासाठी जे करतोय ते दोघांना पटतंय का, आणि आपल्यात विश्वास बसतोय का. तिन्हीला "नाही" असेल तर निघा. एकालाच "नाही" असेल तर आधी सेशनमध्ये बोला, "मॅडम, तुम्ही दिलेला तक्ता भरायला मला जमत नाही आणि मला शाळेत असल्यासारखं वाटतं". हे बोलणं आपल्याला फार जड जातं, मोठ्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं, फी देऊन वर नाराजी कशी दाखवायची. पण इथे खरी परीक्षा होते, कारण चांगला थेरपिस्ट हे ऐकून पद्धत बदलतो आणि कधी कधी तिथूनच थेरपी खरी सुरू होते, आणि जो चिडतो किंवा "तुम्हालाच बरं व्हायचं नाहीये" म्हणतो त्याच्याकडे पुढच्या आठवड्याला जायचं कारण उरत नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. थेरपी बरोबर जागी बोट ठेवते तेव्हाही जावंसं वाटत नाही. सेशनच्या दिवशी पोटात गोळा येणं, अपॉइंटमेंट पुढे ढकलावीशी वाटणं, हे नेहमी थेरपिस्ट वाईट असल्याचं लक्षण नसतं. मी मामेबहिणीला विचारायचे, तुला विषयाची भीती वाटतेय की माणसाची? विषयाची असेल तर जा आणि तेच त्यांना सांग. माणसाची असेल, तिथून बाहेर पडल्यावर स्वतःबद्दल घाण वाटत असेल, लहान झाल्यासारखं वाटत असेल, तर नको जाऊस.

सोडायचं ठरलं तर नुसतं जाणं बंद करण्यापेक्षा दोन ओळींचा मेसेज करा, "मॅडम, मी इथे सेशन थांबवतेय, माझ्या नोंदींची प्रत मिळेल का?" कारण द्यायलाच पाहिजे असं नाही. स्वतःच्या उपचारांच्या मूलभूत नोंदी मिळण्याचा हक्क त्याच २०१७ च्या कायद्यात आहे, आणि त्या हातात असल्या की पुढच्या ठिकाणी परत सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही. पहिल्या प्रकारातलं काही घडलं असेल, म्हणजे गुप्तता मोडली, अंगचटीला आले, तर डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टविरुद्ध आरसीआयकडे लेखी तक्रार करता येते, लैंगिक गैरवर्तन असेल तर पोलिसांकडेही. मेसेज, पावत्या, तारखा जपून ठेवा. तक्रार केलीच पाहिजे असं माझं म्हणणं नाही, ज्याच्यात आत्ता तेवढं बळ नाही त्याने आधी स्वतःकडे बघावं. आणि हा अनुभव नवीन थेरपिस्टला जरूर सांगा, तो स्वतःच एक घाव आहे, त्यावरही काम करावं लागतं.

घरी काय सांगायचं हा प्रश्न उरतोच. "एकदा जाऊन आलीस ना, परत कशाला पैसे घालवतेस" हे ऐकावं लागेल. सगळ्यांना पटवत बसू नका. घरातला एकच माणूस निवडा, ज्याला सांगितलं की सेशनच्या वेळी दार लावलं तर तो दार वाजवणार नाही आणि आल्यावर "काय बोललीस" विचारणार नाही.

आणि गोळ्या सुरू असतील तर थेरपिस्ट बदलताना त्या मनाने बंद करू नका, कितीही राग आला असला तरी. अचानक बंद केल्या की चक्कर, झोप उडणं, जीव घाबरा होणं असे त्रास होतात आणि मग कळत नाही की आजार परत आला की गोळी सुटल्याचा हा परिणाम आहे. डॉक्टरही बदलायचे असतील तर शेवटचं प्रिस्क्रिप्शन संपायच्या दोन आठवडे आधीच नव्या डॉक्टरांची वेळ घ्या, जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, डोस पाकिटावर बघून सांगता येतो.